गिटारची मान, सरस आणि एक जुनं पाप

बरेच दिवसांत इकडे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर आळस, आणि त्याहून खरं कारण म्हणजे जे लिहायचं होतं ते आधी दोन माणसांना तोंडाने सांगणं भाग होतं. ते एकदाचं झालंय. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

तर विषय असा की जुलै महिन्यात आमच्या घरातल्या गिटारची मान मोडली. मान म्हणजे अगदी मान नव्हे, मानेच्या वरचं डोकं. खुंट्या बसवलेल्या असतात तो भाग, ज्याला हेडस्टॉक म्हणतात. मधेच रात्री साडेअकराला हॉलमधून 'कट्ट' असा आवाज आला. मला वाटलं कुकरची शिट्टी ओट्यावरून पडली. जाऊन बघतो तर गिटार स्टँडवर, आणि तिचं डोकं पुढे लोंबतंय, तारांनी धरून ठेवलेलं. कोंबडीची मान पिरगळल्यावर दिसते ना, तसं. (शाकाहारी वाचकांनी माफ करावं.)

ही गिटार दादाची. १९९५ साली, सांगलीला इंजिनियरिंगला असताना, शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने घेतली. मुद्दाम मुंबईला धोबी तलावपर्यंत जाऊन. १९९९ ला तो अमेरिकेला गेला, गिटार डोंबिवलीच्या घरात कपाटावर राहिली, मग आमच्याबरोबर पुण्याला आली आणि पुन्हा कपाटावरच गेली. यंदा आमच्या लेकीला (वय वर्षं तेरा, म्हणजे काय ते समजून घ्या) अचानक गिटारचं वेड लागलं. तिने ती खाली काढली, पुसली, माझ्याकडून नव्या तारा आणवल्या, मोबाईलवरच्या ॲपवर बघून अगदी सुरात लावली. तिसऱ्या रात्री हा प्रकार.

ती खोलीतून धावत आली आणि ते दृश्य बघून जागच्या जागी बसली. "बाबा, काकाची गिटार मी मोडली." मी म्हटलं, असू दे गं, वस्तू आहे. वगैरे. सकाळी तिने वाढदिवसाचे साठवलेले पैसे माझ्या टेबलावर आणून ठेवले. मोजून तीन हजार चारशे.

ते पैसे तसेच ठेवून मी गिटार घेऊन दुकानात गेलो. दुकानातल्या मुलाने ती हातातसुद्धा घेतली नाही. "सर, हेडस्टॉक गेला म्हणजे गिटार गेली. साडेसात हजारात मस्त नवीन देतो." घरी आल्यावर आईचं मत: "मोडलेलं वाद्य घरात ठेवू नये." मेहुण्याचं मत: ऑनलाइन सेल चालू आहे. थोडक्यात, सगळ्यांचं एकमत की नवी घ्या.

माझं मत वेगळं आहे, आणि तेच मांडायला ही पोस्ट आहे. मोडलेली मान चिकटवता येते. नीट चिकटवली तर ती जुन्या लाकडाइतकीच, कधी कधी त्याहून जास्त टिकते. आणि चिकटवलेली रेघ लपवू नये. या दुसऱ्या मुद्द्याशी तुमच्यापैकी बरेच जण सहमत नसाल. आमचे सुतारकाकाही नाहीत. पण त्याच्याकडे नंतर येतो.

आधी ही मान मोडते का, ते सांगतो, कारण मला ते कळलं तेव्हा थोडी गंमत वाटली. गिटारच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा सगळा मिळून ताण ७० किलोच्या आसपास जातो. म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या मानेला लोंबकळत असल्यासारखं. त्यात डोकं मागे कललेलं असतं, तारा खाली नीट दाबून बसाव्यात म्हणून. गिब्सनच्या बऱ्याच गिटारींत हा कल १७ अंशांचा असतो. आता मान आणि डोकं एकाच फळीतून कापलं, तर मानेत लाकडाच्या शिरा लांबीने सरळ धावतात, पण डोकं तिरपं झाल्यामुळे तिथे त्या शिरा मधेच तुटतात. ऊस उभा फोडायला किती सोपा, तसं. शिवाय नेमकं तिथेच मान सगळ्यात बारीक असते, आणि तिथेच आत पोकळ खाच असते, मान सरळ ठेवणाऱ्या लोखंडी सळईचा नट फिरवायला. म्हणजे सगळ्या वाईट गोष्टी एकाच इंचात!

म्हणून ज्यांची किंमत लाखांत जाते अशा महागड्या गिटारी इथेच मोडतात. पेटीत बंद असताना, पेटी नुसती आडवी पडली तरी मोडतात, कारण खुंट्यांचं वजन हातोडीसारखं झटका देतं. आणि स्वस्तातल्या कित्येक गिटारींची डोकी मुळातच वेगळा तुकडा तिरपा कापून, मानेला चिकटवून बनवलेली असतात. तिथे शिरा दोन्हीकडे सरळ धावतात, त्यामुळे त्या जागी त्या जास्त मजबूत! लिओ फेंडरने तर १९५० च्या सुमाराला डोकं तिरपं करायचंच नाही असं ठरवून टाकलं. मेपलची सरळ सपाट फळी, कापली की झाली. त्याच्या गिटारींची मान मोडल्याचं क्वचितच ऐकू येतं. म्हणजे एका अर्थी गिटारच्या जगात चिकटवलेलं डोकं ही काही लाज वाटायची गोष्ट नाही, ती कारखान्यातलीच एक रीत आहे. तरीही बाजार असा विचित्र की जुन्या नामांकित गिटारच्या मानेवर दुरुस्तीची रेघ दिसली की किंमत जवळजवळ निम्मी होते. आवाज तोच, वाजते तशीच, पण निम्मी. संग्रह करणाऱ्यांचं दुःख मी समजू शकतो. वाजवणाऱ्याने मात्र अशी गिटार दिसली तर ताबडतोब घ्यावी असं माझं प्रामाणिक मत आहे.

आपल्याकडे तर हे नवीन नाही. तंबोऱ्याचा भोपळा तडकला म्हणून कोणी तंबोरा फेकून दिल्याचं ऐकलंय? तो मिरजेला जातो, दुरुस्त होऊन येतो, आणि पुढची पिढी त्यावर षड्ज लावते. त्याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गिटारला मात्र आपण प्लॅस्टिकच्या बादलीसारखं वागवतो. कडी तुटली की नवी.

असो. तर दुकानातून परत आलो, गिटार टेबलावर आडवी केली, तारा कापल्या, आणि मोडलेली जागा पहिल्यांदा नीट उजेडात बघितली. आणि माझ्या पोटात गोळा आला.

मोडलेल्या भागाचा एक मोठा तुकडा स्वच्छ, ताज्या लाकडाचा होता, लालसर, तंतू उभे राहिलेले. पण कडेकडेने, साधारण एक-तृतीयांश भागावर, पिवळट काचेसारखा एक थर चमकत होता. आणि त्याच्या बाहेरच्या कडेला काळं काहीतरी.

मला ते काय आहे ते बघताक्षणी कळलं. कारण ते मीच केलेलं होतं.

३१ डिसेंबर १९९७. मी नववीत. दादा परीक्षेसाठी सांगलीला, आणि गिटार घरी, "हात लावायचा नाही" अशा सक्त ताकिदीसह. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कार्यक्रम होता. मला एकूण दोन कॉर्ड येत होत्या, पण गिटार खांद्याला अडकवून जिना चढण्यात जी ऐट होती तिला कॉर्ड लागत नाहीत. परत येताना जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकवून चपला घालायला वाकलो, आणि ती घसरून पालथी पडली. वरकरणी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर खुंट्यांच्या खाली मागच्या बाजूला केसाएवढी चीर. तार ताणली की ती किंचित उघडायची.

मी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून सुपरग्लूची नळी आणली. चिरेत सोडला. अंगठ्याने दाबून धरलं (अंगठाही चिकटला, ती कथा वेगळी). आणि मग, ही खरी लाज वाटायची गोष्ट, वरून बुटाचं काळं पॉलिश चोळलं. बोटाने, अगदी प्रेमाने. चीर दिसेनाशी झाली. मी कोणाला काही बोललो नाही. दादा आला, त्याने तारा लावल्या, मान मोडली नाही. मी सुटलो. असं मला अठ्ठावीस वर्षं वाटत होतं.

आता सुपरग्लूबद्दल थोडं, कारण ही चूक फार जण करतात. १९४२ साली कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते, तेव्हा हा पदार्थ हाती लागला, आणि सगळ्यालाच चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला! १९५८ मध्ये तो बाजारात आला. हवेतल्या, लाकडातल्या ओलाव्याने तो क्षणात घट्ट होतो. हीच त्याची खुबी, आणि मानेच्या बाबतीत हीच खोट. तुकडे नीट बसवून, दाब द्यायला वेळच देत नाही. शिवाय तो ठिसूळ असतो, झटका बसला की काचेसारखा सुटतो. सगळ्यात वाईट म्हणजे जिथे तो गेला तिथली लाकडाची छिद्रं बंद होतात. मग उद्या तुम्ही जगातला उत्तमातला उत्तम गोंद आणला तरी लाकडाला तो पीतच नाही. गिटार दुरुस्त करणारे लोक सुपरग्लू वापरतात, नाही असं नाही. फ्रेट बसवायला, पॉलिशचा टवका भरायला. पण ७० किलोच्या ताणाखालच्या मानेला नव्हे. स्क्रू मारणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. बारीक लाकडात स्क्रू म्हणजे दुसऱ्या चिरेचा मुहूर्त.

मानेला हवा तो लाकडाचा गोंद. जुन्या लोकांचा सरस. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून उकळून काढलेला, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम करायचा, आणि ज्याच्या वासाने आख्खी गल्ली नाकाला पदर लावते तो. शब्दकोशात 'सरस' म्हणजे चिकटवायची वस्तू आणि 'सरस' म्हणजे इतरांहून चांगलं, दोन्ही शेजारी शेजारी. व्हायोलिनवाले आजही तोच वापरतात, कारण ऊब आणि ओल दिली की तो सुटतो, म्हणजे पुढच्या दुरुस्तीला जागा ठेवतो. तो जमत नसेल तर पिवळा लाकडी गोंद. मी टाइटबॉन्डची छोटी बाटली मागवली. आपला पांढरा फेविकॉल (१९५९ पासून घराघरातल्या पाटा-स्टुलांना जोडून ठेवतोय) जोडायला उत्तम, पण पांढऱ्या गोंदाचा एक स्वभाव असा की कायम ताण आणि उष्णता असेल तर तो मुंगीच्या पावलांनी सरकतो. स्टुलाला चालतं. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या गिटारला नाही.

आणि हे सगळं ज्ञान मी लेकीला देत होतो, टेबलावर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तिला दुरुस्तीत घ्यायचं मी आधीच ठरवलं होतं. फक्त एक गोष्ट सोडून बाकी सगळं सांगत होतो.

तुकड्यांच्या आसपासच्या पॉलिशवर आम्ही टेप लावला, कारण ॲसिटोन पॉलिशही खातं. मग कानात घालायच्या कापसाच्या काड्या ॲसिटोनमध्ये बुडवून तो पिवळा थर मऊ करायचा, आणि ब्लेडच्या कडेने अलगद खरवडायचा, लाकूड न जाता. लाकूड गेलं तर दोन्ही बाजू एकमेकींत बसत नाहीत. (नेलपॉलिश रिमूव्हर आणणार असाल तर बाटलीवर वाचून घ्या, हल्ली बऱ्याच रिमूव्हरमध्ये ॲसिटोन नसतंच. मी आधी तसलाच आणला.) दोन तास गेले. लेक जीभ बाहेर काढून काम करत होती. मग तिने काडी उजेडात धरली आणि विचारलं,

"बाबा, हे काळं काय आहे?"

"..."

"आणि हे पिवळं गोंदासारखं आहे ना? म्हणजे आधी कोणीतरी चिकटवली होती?"

सांगतो तुम्हाला, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिलं आलं ते, "असेल कोणीतरी, जुनी गिटार आहे". ओठांपर्यंत आलं होतं. टेबलाच्या कडेला ते तीन हजार चारशे रुपये अजून तसेच पडलेले. दोन दिवस ही पोरगी आपण काकाची वस्तू मोडली म्हणून जेवताना खाली मान घालून बसते, आणि मी तिला शिरांचं शास्त्र समजावतोय!

सांगितलं. गच्ची, जिना, चपला, नळी, बुटाचं पॉलिश, सगळं. ती आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ती आधीच मोडलेली होती." मग थोड्या वेळाने, "तुम्ही काकाला सांगितलं नाही?" आणि मग काडी बुडवून परत खरवडायला लागली. पैसे मात्र उठताना आठवणीने घेऊन गेली.

पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या सुतारकाकांना बोलावलं, कारण माझ्याकडे एकही धड शिकंजा नव्हता. त्यांनी तुकडे हातात घेतले, एकमेकांत बसवून बघितले, कानाजवळ नेऊन दाबून बघितले, आणि म्हणाले, "बसतंय. घाबरू नका." मोडलेली जागा लांब तिरपी असेल तर निम्मं काम झालंच म्हणून समजा, कारण गोंदाला पृष्ठभाग भरपूर मिळतो. आडवी, भाकरी मोडल्यासारखी कटकन मोडली असेल तर नुसत्या गोंदावर भरवसा ठेवू नये. लाकडाच्या टोकांना गोंद नीट धरत नाही. तिथे आतून पट्ट्या बसवाव्या लागतात आणि ते काम वाद्यांच्या कारागिराचं, आपलं नव्हे. आमची तिरपी होती, जवळजवळ तीन इंच. नशीब.

काकांनी आम्हाला आधी गोंदाशिवाय, कोरडी तालीम करायला लावली. दोनदा. मानेच्या गोलाईला बसेल असा लाकडी ठोकळा त्यांनी पटाशीने कोरून दिला, त्याला आतून बुचाचा पत्रा लावला, आणि मधे प्लॅस्टिकची पिशवी, नाहीतर ठोकळाही गिटारचाच होऊन बसतो. तीन सी क्लॅम्प. कुठला आधी, कुठला नंतर, हे पाठ होईपर्यंत. कारण गोंद लावल्यावर पाच-सात मिनिटंच हातात असतात, आणि त्यात घरातला फोन हमखास वाजतो. मग दोन्ही बाजूंना पातळ गोंद, लेकीने दात साफ करायच्या दोऱ्याने तो चिरेच्या अगदी टोकापर्यंत नेला (ही युक्ती तिची), आणि काकांनी क्लॅम्प आवळायला सुरुवात केली. आवळताना रेघेतून सगळीकडून सारखे बारीक मणी बाहेर आले की समजायचं आत पोचलाय. जिथे मणी येत नाहीत तिथे कोरडं राहिलंय. ओल्या फडक्याने पुसलं. आणि मग काही करायचं नाही.

हे 'काही न करणं' फार अवघड. बाटलीवर २४ तास लिहिलेले, पावसाळी हवा म्हणून काकांनी ४८ सांगितले, आणि तारा चढवायच्या आधी पूर्ण आठवडा. लेक रोज शाळेतून आली की आधी क्लॅम्प बघायची. हात लावायचा नाही, हे मात्र तिने पाळलं. घराण्यातली पहिलीच.

क्लॅम्प काढले आणि वाद सुरू झाला. जोड उत्तम बसला होता, पण मागच्या बाजूला रेघ स्पष्ट दिसत होती, नदीच्या नकाशासारखी, आणि एका ठिकाणी टवका गेलेला. काका म्हणाले, उद्या लांबी भरतो, घासून रंग मारतो, तुम्हालाही सापडणार नाही कुठे मोडली होती ते. मी म्हटलं, टवका भरा, घासा, वरून साधं पारदर्शक पॉलिश मारा, पण रेघ राहू दे. त्यांना ते आवडलं नाही. "साहेब, जोड दिसला तर लोक म्हणतील सुताराला काम येत नाही."

त्यांच्या बाजूनेही बोलायला पाहिजे. आयुष्यभर ज्या माणसाने जोड न दिसण्यालाच कसब मानलं त्याला मी सांगतोय की तुझं काम दिसू दे. आणि आता कोणीतरी मला जपानी किंत्सुगीबद्दल लिहून कळवेल, फुटलेल्या भांड्याच्या भेगेत सोनं भरतात ते. नको. मला सोनं नको, मिरवायचंही नाही. माझं म्हणणं फार साधं आहे. पुढे कधी ही गिटार दुसऱ्याच्या हातात जाईल, मान पुन्हा मोडेल, तेव्हा त्या माणसाला दिसलं पाहिजे की इथे आधी काम झालंय, तेव्हा आधी बघ आत काय आहे ते. आणि मोडली नाही तरी, सूर हलला तर आधी त्या रेघेकडे बघ, स्वतःकडे नंतर.

हे शेवटचं वाक्य मी इतकं ठामपणे लिहितोय, कारण त्याच रविवारी रात्री दादाला फोन केला होता. तिकडे सकाळ, तो चहा घेत होता. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं एक तर तो चिडेल, नाहीतर म्हणेल "मला तेव्हाच माहीत होतं". सिनेमात तसंच असतं. पण तो आधी म्हणाला, "गोंद कुठला वापरलास?" इंजिनियर माणूस. मी सांगितलं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला,

"म्हणून ती सुरात राहत नव्हती होय! अरे, मला वाटायचं मला कानच नाही."

आणि हसला. मोठ्याने हसला, मीही हसलो, मग लेकीने फोन घेतला आणि त्यांचं तारांच्या जाडीवर काहीतरी सुरू झालं. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

कारण मला आठवलं. १९९८-९९ ची ती दीड-दोन वर्षं. दादा संध्याकाळी गिटार घेऊन बसायचा, तारा लावायचा, एक गाणं अर्धं व्हायचं, थांबायचा, परत खुंट्या पिळायचा. परत. एकदा क्लासच्या सरांनी चारचौघांत सांगितलं, आधी सूर लावायला शीक. नंतर त्याने क्लास सोडला. अमेरिकेला जाताना बाबा म्हणाले गिटार घेऊन जा, तर म्हणाला, "नको, मला काही ते जमत नाही." तारा सैल करून त्यानेच ती कपाटावर ठेवली. मी खोलीतच होतो. चीर दर वेळी केसभर उघडत होती आणि मिटत होती, बुटाच्या पॉलिशखाली, आणि घरात हे फक्त मला माहीत होतं. मला वाटायचं मान मोडली नाही म्हणजे मी वाचलो.

तो हसला ते खरंच हसला, त्यात काही टोचणं नव्हतं. त्याला आता अठ्ठेचाळीस पूर्ण आहेत, तिकडे छान चाललंय, वाद्य कुठलंच वाजवत नाही. दादा, तू हे वाचशील तेव्हा फोन करून "एवढं काय त्यात" म्हणू नकोस. मला ठाऊक आहे तू तेच म्हणणार.

गिटार आता वाजते. पहिले काही महिने सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून, आणि जाडीने हलक्या, असं काका-पुतणीचं ठरलंय. रेघ राहिली. काकांनी शेवटी पारदर्शक पॉलिशच मारलं, पण कोणाला माझं नाव सांगू नका म्हणाले. दोन नंबरची तार पाचव्या पट्टीवर जरा भुणभुणते, ते बघायचंय. रात्री काही कडकड वाजलं की मी अजून उठून हॉलमध्ये जातो. बहुतेक वेळा फ्रिज असतो.

वाद्य दुरुस्त करणारे लोक आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख घालतात, असं मी लेकीला सांगितलं होतं. तिने तारा चढवायच्या आधी गिटारच्या गोल भोकातून हात घालून, आरशात बघत बघत, आतल्या लाकडावर लिहिलं: 'मान मोडली १९९७ (बाबा) आणि २०२५ (मी). चिकटवली २०२५.' मी म्हटलं, अगं, तुझं नाव काढ त्यातून, तू काही नाही केलंस. तर म्हणाली, आवाज झाला तेव्हा गिटार तिची होती. खूप वाद घातला. नाही काढलं.